पौर्णिमेला बाजार बंद

सकाळी आमच्या बोईसरच्या फ्लॅटमध्ये शेअरबाजाराचं चॅनल लागायचं ते आवाज बंद करून. पडद्यावर कोटातले तज्ज्ञ पोटतिडकीने काहीतरी सांगत असायचे. समोर माझे सासरे बनियनवर बसलेले असायचे, हातात चहाची बशी. त्या हलणाऱ्या ओठांकडे ते ढुंकूनही बघत नसत, फक्त खालून सरकणारी आकड्यांची पट्टी वाचत.

"अहो बाबा, जरा ऐका तरी ते काय म्हणतायत," मी डबा भरता भरता म्हणायची.

"कशाला? सारा जन्म बोटीतल्या बिनतारीवर माणसं ऐकली गो मी. ज्याला पापलेट लागलं तो म्हनायचा, काय नाय रे, नुसता कचरा. ज्याला काय नाय लागलं तो म्हनायचा, या या, लय हाय इकडं. बोलतात त्याचं ऐकायचं नाय. बोटी कुठं वळतात ते बघायचं."

बोटी म्हणजे खरेदी करणारी माणसं. ज्या शेअरकडे चार बोटी वळल्या तिकडे पाचवी आपली, हे बाबांचं सगळं अर्थशास्त्र.

ते दांडीचे. एका बोटीत त्यांचा वाटा होता आणि गुडघे साथ देत होते तोवर ते स्वतः समुद्रावर जात होते. सासूबाई गेल्या, पाठोपाठ बाबांच्या छातीत दुखायला लागलं, तेव्हा त्यांच्या मुलाने त्यांना उचलून बोईसरला आणलं. बोटीतला वाटा पुतण्याला विकला. मग बाबा खिडकीत बसायला लागले. खिडकीतून दिसायचे ते औद्योगिक वसाहतीत शिरणारे टँकर. जेवलात का म्हटलं की "हं". झोप लागली का म्हटलं की "हं". आमची मुलगी पुण्याला शिकायला, नवऱ्याची कारखान्यात शिफ्ट, त्यामुळे घरात मी आणि ते "हं" एवढेच उरलो होतो.

मी तारापूरच्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत आहे. आलेला माल तपासायचा आणि नापास करायला काही सापडतं का ते बघायचं, हे माझं काम. घरीही मी तेच करते असं नवऱ्याचं मत आहे. पगारातून उरेल त्याचे मी थोडे थोडे शेअर घेत आले होते. एकदा फोनवर भावाचा चढता-उतरता आलेख बघत बसले होते, तर मागून आवाज आला, "भरती किती वाजता हाय?"

कितीतरी महिन्यांनी त्यांनी आपणहून विचारलेला तो पहिला प्रश्न. मी खुर्ची सरकवून त्यांना शेजारी बसवलं. महिन्याभरात हा माणूस मला शेअरबाजार शिकवायला लागला.

मी मुळात वाडीतली. घिवलीला माझ्या माहेरी नारळ, आंबे आणि चिकू आहेत. माझे वडील मोहोर आलेल्या आंब्याखाली उभे राहायचे, मान वर करून एक फेरी मारायचे आणि या झाडाचे किती येणार ते ठरवून टाकायचे. मग व्यापारी येवो, नाहीतर त्याचा बाप येवो, त्या आकड्याखाली झाड द्यायचे नाहीत. दुसऱ्याची बाग घ्यायची असली तर त्या आकड्याच्या वर एक रुपया द्यायचे नाहीत. मी शेअर तसेच घेते. कंपनी वर्षाला कमावते किती, पुढे किती कमावेल, आणि त्या कमाईसाठी बाजार आपल्याकडे मागतोय किती. जास्त मागत असेल तर उठून घरी जायचं. याचा परिणाम असा की मी बहुतेक वेळा घरीच असते.

"वाडीवाली," बाबा मला म्हणायचे. दांडी आणि घिवली एकमेकांना लागून, पण आमचं लग्न झालं तेव्हा दोन्ही गावांत असे काही चेहरे पडले होते की मी सातासमुद्रापलीकडून आलेय. "झाडाला पाय नसतात गो. आज बघ, उद्या बघ, ते हाय तिथंच. मासा थांबतो का तुजा हिशोब होईस्तोवर?"

खातं माझ्या नावावर होतं. त्यात माझे थोडे आणि त्यांच्या वाट्याचे थोडे पैसे. नियम एकच ठेवला होता की घेताना आणि विकताना दोघांचा होकार हवा. आता एकजण पळत सुटणारा आणि एकजण जागचा न हलणारा म्हटल्यावर होकार कुठून यायचा? दिवसदिवस आम्ही भांडायचो. मी प्रयोगशाळेतून फोन करायची, ते घरून करायचे. शेजारीण एकदा काळजीने विचारून गेली, सगळं ठीक आहे ना. मी म्हटलं, खूपच ठीक आहे. आणि ते खरं होतं. जेवलात का विचारलं की आता उत्तरादाखल बँकांच्या शेअरवर व्याख्यान मिळायचं.

टोमणे दोन्हीकडून असायचे. मी हट्टाने एक स्वस्तातली सॉफ्टवेअर कंपनी घ्यायला लावली होती. कमाई बरी, कर्ज नाही, भाव अगदी किरकोळ. घेतल्यावर तो भाव आणखी किरकोळ झाला. त्याच सुमारास मी बोईसरच्या बाजारातून कोळंबी आणली. एका बाईपुढे झुंबड उडालेली, पलीकडच्या टोपलीपुढे कोणी नाही आणि भाव निम्मा, म्हणून मी शहाणपणाने पलीकडे गेले. बाबांनी पिशवी उघडली, नाक आत घातलं आणि पिशवी परत बांधली. "तुजी कंपनी पन याच टोपलीतली," ते म्हणाले. त्या दिवशी आम्ही वरणभात खाल्ला.

मीही सोडत नसे. त्यांनी पळत्याच्या पाठीमागे पळून घेतलेले दोन शेअर असे आपटले होते की आठवडाभर त्यांनी चॅनलच लावलं नाही. "काय बाबा, बोटी वळल्या होत्या ना?" मी विचारलं. "वळल्या होत्या," ते म्हणाले, "पन आपन शेवटी पोचलो." आपण शेवटी पोचतोय हे आधी कसं कळायचं, असं मी विचारलं, तेव्हा त्यांना ऐकू आलं नाही. या माणसाला हवं ते मात्र भिंतीपलीकडचं ऐकू येतं.

मग ती कंपनी आली. नाव सांगत नाही. यंत्रांना अक्कल पुरवणं हा तिचा धंदा, आणि त्या दिवसांत सगळ्यांना तीच हवी होती. आमच्या कंपनीच्या गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर औषधांच्या गोण्या उचलणारी पोरंसुद्धा तिचा भाव सांगायची. बाबांनी माझ्यामागे टुमणं लावून ती घ्यायला लावली. मी होकार दिला तो केवळ त्यांच्या वाढदिवसाची भेट म्हणून, असं मी अजूनही सांगते. ती चढली. मग आणखी चढली. मी कागद घेऊन बसले.

"बाबा, ही वर्षाला एक रुपया कमावते आणि त्यासाठी आपल्याकडे दीडशे मागते. म्हणजे दिलेले वसूल व्हायला दीडशे वर्षं."

"दीडशे वर्सं कोन बसलंय? मना पुढच्या महिन्यात विकायचंय."

"पुढच्या महिन्यात घेणारा तुमच्यापेक्षा वेडा मिळाला पाहिजे."

"मिळतो. दर वेळी मिळतो. मीच नाय का मिळालो दोनदा?"

विकायला त्यांचा होकार नव्हता, आणखी घ्यायला माझा नव्हता.

आषाढ लागला. मासेमारी बंद होती, बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या होत्या. पुतण्याचा फोन आला की बोटीला रंग लावलाय. बाबांनी फोन ठेवला आणि रंग कुठला, हे मला तीनतीनदा सांगितलं. रात्री जेवताना म्हणाले, "नारळी पुनवेला मी दांडीला जातो. राहायला."

नवरा भातात बघत राहिला. बापाशी बोलायचं असलं की ते काम माझ्याकडे, हे लग्नात बहुधा ठरलं असावं. मी म्हटलं, तिथे घरात कोणी नाही, रात्री छातीत दुखलं तर कोण बघणार, पायऱ्या शेवाळलेल्या, गोळ्यांच्या वेळा तुम्ही पाळत नाही. बाबा म्हणाले, शेजारी पुतण्या हाय, समोर भावजय हाय, गाव हाय. मी म्हटलं, डॉक्टर नाही. ते म्हणाले, समुद्र हाय. मी म्हटलं, समुद्र काय गोळी देणार आहे का? आवाज वाढत गेले. शेवटी त्यांनी ताटातून हात उचलला आणि टीव्हीकडे दाखवला.

"चल, पैज. तू महाग म्हनतेस ती कंपनी. पुनवेला आजच्या भावाच्या वर असली तर मी दांडीला, आनि तू एक शब्द काढायचा नाय. खाली असली तर मी हितंच राहतो. तुजी ती बिनमिठाची भाजी खात."

मला खात्री होती. माझ्या हिशोबाने त्या शेअरची खरी किंमत चालू भावाच्या निम्मीसुद्धा नव्हती. त्या दिवसाचा भाव मी फ्रिजच्या दारावर मार्करने मोठा लिहिला आणि हात झाडले.

पुढच्या दिवसांत माझ्यावर काय वेळ आली ते दुसऱ्या कोणाला सांगण्यासारखं नाही. स्वतःचे पैसे असलेला शेअर पडावा म्हणून मी देवापुढे हात जोडत होते. पडणं दूर राहो, तो रोज वर. प्रयोगशाळेत शिरले की गोदामातला भैया लांबूनच ओरडायचा, "मॅडम, अपना वाला तो आज फिर भागा! मिठाई कब?" मी मान हलवायची आणि सुतकी चेहऱ्याने कोट चढवायची. त्याला वाटायचं, मॅडम किती साध्या आहेत, गर्व म्हणून नाही.

घरी बाबांनी पेटी काढली. लोकरीची टोपी उन्हाला ठेवली. मासे कापायची सुरी धार लावून आणली, जी या घरात त्यांनी एकदाही हातात घेतली नव्हती. मला राग यायचा. इतकं कसलं घाईला येणं? गरम पोळ्या मिळत होत्या, वेळेवर औषध मिळत होतं, भांडायला मी होते. काय कमी होतं त्यांना इथे?

शेवटच्या आठवड्यात वारं फिरलं. परदेशातल्या तसल्याच एखाद्या कंपनीचं काहीतरी बिनसलं आणि इकडे सगळ्यांची अक्कल ठिकाणावर आली. रोज थोडा थोडा करत भाव उतरला, आणि शुक्रवारी बाजार बंद होताना फ्रिजवरच्या आकड्याच्या थोडा खाली येऊन थांबला. मी प्रयोगशाळेतच टाळी वाजवली. येताना जिलेबी आणली. बाबांपुढे बशी ठेवली आणि म्हटलं, "अजून पौर्णिमा आहे म्हणा. उद्याचं कोणी बघितलंय?"

नवऱ्याने जिलेबी उचलत म्हटलं, "उद्या पौर्णिमाच आहे. शनिवार. बाजार बंद."

पैज लावताना मी तारखेचा विचारच केला नव्हता. बाबांनी सगळं आयुष्य तिथीवर काढलेलं. पौर्णिमेला शनिवार असला काय आणि मंगळवार असला काय, समुद्राला सुट्टी कुठे असते? शेअरबाजाराला असते, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही आणि माझ्याही आलं नाही.

"मग शुक्रवारचा भाव धरायचा," मी घाईने म्हटलं. "शेवटचा ठरलेला भाव तोच."

मला वाटलं होतं ते भांडतील. त्यांनी जिलेबीचा तुकडा तोडला. "धर," म्हणाले.

शनिवारी आम्ही तिघे टमटम करून दांडीला गेलो. बोटींवर पताका लागल्या होत्या, बायका नटल्या होत्या, वाजतगाजत नारळ निघाला होता. बाबांनी पाण्यात उभं राहून नारळ सोडला. लाट आली आणि तो पुन्हा त्यांच्या पायाशी आला, तसा त्यांनी परत ढकलला. पुतण्याने बोटीवर चला म्हणून हात धरला. "नाय रे, सून थांबलीय, परत जायचंय," असं त्यांनी त्याला सांगितलं. अगदी साध्या आवाजात. संध्याकाळी ते टमटममध्ये माझ्या शेजारी येऊन बसले, धोतर ओलं, आणि बोईसर येईपर्यंत आम्ही दोघांनी एकही टोमणा मारला नाही.

सोमवारी मी रजेवर होते. स्वयंपाकघरात कांदा चिरत होते, तर बाहेरून कोणीतरी परका पुरुष मोठमोठ्याने बोलत असल्याचा आवाज आला. मी दचकून बाहेर आले. टीव्हीतला तज्ज्ञ होता. बाबांनी आवाज चालू ठेवला होता. तो बडबडत होता आणि बाबा खिडकीतून टँकर बघत होते.

खरंच सांगते, त्यांच्या छातीत दुखायला लागलं होतं त्या दिवशीही मी इतकी घाबरले नव्हते.

त्याच वेळी पट्टीवरून आमची कंपनी सरकत गेली. बाजार उघडता उघडता तिने उसळी घेतली होती. भाव फ्रिजवरच्या आकड्याच्या चांगला वर होता. बाबांचं लक्ष नव्हतं. मी गप्प बसले असते तर ते कोणाला कळलं नसतं. कळलं असतं तरी शुक्रवारचा भाव धरायचं दोघांनी कबूल केलंच होतं. कांद्याचे हात पदराला पुसत मी तिथेच उभी राहिले.

"बाबा, बोट समुद्रात असताना मासळीचा भाव ठरतो का?"

"काय?"

"बोट रात्री समुद्रात आहे. भाव कधी ठरतो? ती निघाली तेव्हाचा, की बंदराला लागली तेव्हाचा?"

"लागल्यावर. आधी कसा ठरंल?"

"मग शनिवार-रविवार बोट समुद्रात होती. आज लागलीय. बघा काय भाव आहे."

त्यांनी पट्टीकडे बघितलं. मग फ्रिजकडे बघितलं. मग माझ्याकडे. या बाईने कधी कुठला माल आपणहून पास केलेला त्यांनी बघितलाच नव्हता.

"तू शुक्रवारचा धर म्हनालीस."

"मी वाडीवाली. मला समुद्रातलं काय कळतं?"

बाबा उठले, रिमोट शोधला आणि तज्ज्ञाचं तोंड बंद केलं. "ती कंपनी विकून टाक," ते म्हणाले. "मना आता तिचं काम नाय."

मी विकलं. दोघांचा होकार आम्हाला एवढ्या सहज मिळाल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही. त्या आठवड्यात नवरा त्यांना पेटीसकट दांडीला सोडून आला. मी गोळ्यांच्या पुड्या सकाळ, दुपार, रात्र असं वेगवेगळ्या रंगाच्या दोऱ्यांनी बांधून दिल्या आणि ठरल्याप्रमाणे एक शब्द काढला नाही. पुतण्याच्या बायकोला फोन करून काढले ते वेगळे.

दिवाळीनंतर ती कंपनी पडायला लागली. गोदामातला भैया माझ्या नजरेला नजर देईना, त्याने वरच्या भावात घेतली होती. एका शुक्रवारी ती बरोबर माझ्या आकड्याला आली. मी कागदावर मांडली होती त्या किमतीला. मी जिंकले होते. सगळा बाजार, सगळे तज्ज्ञ आणि एक सासरा यांच्याविरुद्ध मी एकटी बरोबर निघाले होते. मी वळून म्हटलं, "बघा, मी काय म्हणत होते!"

घरात कोणी नव्हतं. नवरा दुसऱ्या पाळीला गेला होता. खुर्चीवर इस्त्रीचे कपडे ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी माझा अर्धा दिवस असतो. काम सुटल्यावर मी घरी न जाता थेट दांडीची टमटम पकडली. बाबा ओट्यावर होते, अंगाने थोडे भरलेले, रंगाने बरेच काळे. पुड्यांचे दोरे त्यांनी जाळं शिवायला वापरले होते, गोळ्या मात्र संपलेल्या दिसल्या. आत टीव्ही चालू होता. कोणीतरी कोटातला माणूस आठवड्याभराच्या बाजाराबद्दल कळकळीने सांगत होता, आणि घरात त्याचा एक शब्द ऐकू येत नव्हता.

"बघितलं मी," बाबा म्हणाले. "तुज्या भावाला आलं."

"घेऊया?"

"पडतंय गो अजून. एक पन बोट वळलेली नाय."

"वळतील तेव्हा महाग होईल."

"मग तेवा तू नाय म्हनशील."

"म्हणजे आपण हा कधीच घेणार नाही."

"नाय घेनार," ते खुशीत म्हणाले.

मी हसायला लागले आणि हसता हसता माझे डोळे भरून आले. मी म्हटलं, "बाबा, छातीचं, पायऱ्यांचं, ते सगळं होतंच. पण मला घरात करमत नाही. मला तुम्ही तिथे हवे होतात, म्हणून मी भांडत होते."

ते जाळ्याची गाठ आवळत राहिले. आतून त्यांच्या भावजयीने चहा झाल्याची हाक दिली.

"ते मना म्हाईत होतं," ते म्हणाले. "शनवार-रविवार बाजार बंद असतो ना तुजा? मग येत जा की."